समोर खेळणारी

आमच्या घरात डाव्या हाताला मज्जाव होता. प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, पाहुण्यांना पाणी उजव्या हाताने द्यायचं, जेवताना तर डावा हात ताटाच्या आसपासही फिरकता कामा नये. माझी धाकटी बहीण जन्मतःच डावखुरी. तिने डावा हात पुढे केला की आई त्यावर हलकी चापट मारायची आणि म्हणायची, "तो नाही वं, दुसरा." असं करत करत हात वळणावर आला. पायाकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. पायाने कोणी प्रसाद घेत नाही, म्हणून पाय तेवढा सुटला. त्या सुटलेल्या डाव्या पायावर माझी बहीण भारताच्या फुटबॉल संघापर्यंत पोचली, आणि त्याच पायामुळे तिचा खेळ संपला.

आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो. बाबा तिथे नोकरीला होते. मी धाकटीपेक्षा बरीच मोठी. नागपुरात एका कॉलेजात मराठी शिकवते, आणि अजूनही कोराडीहूनच बसने जाते-येते. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून ठेवते. तो निवळला की लिहू म्हणून बरेच दिवस थांबले होते. तो काही निवळला नाही, म्हणून आता तसंच लिहायला बसले आहे.

कॉलनीच्या मैदानावर गवत कमी आणि राख जास्त. उन्हाळ्यात वारा सुटला की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागायचे. त्या मैदानावर केंद्रातलेच एक फिटर संध्याकाळी मुलामुलींना फुटबॉल शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणत, आम्हीही सरच म्हणायचो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. धाकटीला घरी आणायला जायची म्हणून मी कडेला उभी राहायची, आणि उभं राहून राहून थोडं कळायला लागलं.

ती समोर खेळायची. आमच्याकडे फॉरवर्डला 'समोरची' आणि बॅकला 'मागची' म्हणतात, सरळ हिशोब. तिची एक खोड होती. समोरच्या गोलकडे पाठ करून उभी राहायची, प्रतिस्पर्धी मुलगी तिच्या पाठीला चिकटलेली असायची, आणि चेंडू आला की तो पायाने अडवायच्या ऐवजी नुसता जाऊ द्यायची आणि त्याच्याबरोबर गर्रकन वळायची. जमलं तर ती मुलगी मागे राहायची आणि धाकटीच्या पुढे फक्त गोलकीपर उरायची. बहुतेक वेळा जमायचं नाही. चेंडू जायचा, कधीकधी तीच तोंडावर पडायची, चेहरा राखेने भरायचा आणि ती हसत उठायची. सर शिट्टी न फुंकता ओरडायचे, "जाऊ दे, पुन्हा कर!" आणि ती पुन्हा करायची.

ते "पुन्हा कर" मला फार आवडायचं. आमच्या आख्ख्या आयुष्यात कोणी आम्हाला असं म्हटलं नव्हतं. दूध उतू गेलं तर बोलणी, परीक्षेत गुण कमी पडले तर बोलणी. आणि इथे ही पोरगी संध्याकाळभर चुकत होती आणि सर तिला सांगत होते की पुन्हा चूक. समोर खेळणाऱ्याला चुकायची मुभा असते, हे मला तिथे कळलं. सगळा वेळ चुकून शेवटी एकदा साधलं तरी लोक खांद्यावर घेतात. मागे खेळणाऱ्याचं उलट असतं. सगळा वेळ सांभाळून शेवटी एकदा चुकला की संपला.

भारताच्या कॅम्पला बोलावणं आलं तेव्हा कॉलनीत दिवाळीच झाली. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले, आईने देवीला नारळ फोडला. जाताना बाबांनी तिला स्टेशनवर एकच गोष्ट सांगितली, "मोठ्या लोकाईनं काही विचारलं तं आधी हो म्हणजो. विचार मंग करत बसजो." हा बाबांचा मंत्र होता. याच मंत्रावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. ते मशीनवरचे माणूस, हाताला त्या कामाची गोडी होती. एकदा साहेबांनी 'थोडे दिवस' राखेच्या विभागात जाल का म्हणून विचारलं. बाबा हो म्हणाले. ते थोडे दिवस निवृत्तीपर्यंत चालले. त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. संध्याकाळी भुवयांवरची राख झटकत घरात यायचे आणि विचारायचे, चहा झाला का.

पहिला सामना परदेशात होता, पण वेळ आपल्याकडची दुपारची. बाबांनी कोणाकोणाच्या हातापाया पडून कॉलनीच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर तो लावायची सोय केली. दोन कूलर आणले. शेजारपाजारच्या बायका घरची कामं उरकून, पुरुष ड्युटी बदलून येऊन बसले. सर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. राष्ट्रगीताला सगळा हॉल उभा राहिला आणि कॅमेरा सरकत सरकत तिच्यावर आला. निळ्या जर्सीत ती ओठ हलवत होती. आईने पदराने तोंड झाकलं. मला रडू येत नाही सहसा. त्या दिवशी आलं.

सामना सुरू झाला आणि सगळा हॉल समोर बघायला लागला, म्हणजे जिकडे आपल्याला गोल करायचा तिकडे. ती दिसेना.

"बाहेर बसवली वाटते," कोणीतरी म्हणालं.

"अशी कशी बाहेर? आता तं उभी होती गा राष्ट्रगीताले."

"मंग दिसून काहून नाही राहिली?"

शेजारच्या काकू फुटबॉलकडे बघतच नव्हत्या, त्या नुसती आमची पोरगी शोधत होत्या. त्याच म्हणाल्या, "ते मांगं, कोपऱ्यात कोण आहे वं? चाल तं आपल्या पोट्टीची आहे."

बाबा उठले, टीव्हीजवळ गेले आणि काचेवर बोट ठेवलं. आपल्याच गोलच्या डाव्या बाजूला, लेफ्ट बॅकच्या जागी, धाकटी उभी होती. बाबा बोट तसंच ठेवून सरांकडे वळले. "हे आपलीच आहे. पण हे मांगं काय करून राहिली?" सरांचे मांडीवरचे हात एकमेकांत गुंतले.

पहिला अर्धा वेळ तिने कसाबसा रेटला. पुढे जावंसं वाटत होतं तिला, ते दिसत होतं. चार पावलं पुढे टाकायची, मग आठवायचं, मग मागे पळायची. दुसऱ्या अर्ध्यात तिच्या गोलकीपरने तिला साधा चेंडू दिला. एक मुलगी धावत येऊन तिच्या पाठीला चिकटली. आणि धाकटीने तेच केलं जे ती लहानपणापासून करत आली होती. चेंडू न अडवता जाऊ दिला आणि त्याच्याबरोबर गर्रकन वळली. कोराडीच्या मैदानावर तेवढ्यावर "पुन्हा कर" ऐकू आलं असतं. इथे ती जिथे वळली तिथून आपलाच गोल दहा पावलांवर होता. ती मुलगी फसली नाही, चेंडू घेऊन सरळ गेली आणि जाळ्यात मारून मोकळी झाली.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "एवढं पण येत नाही, तं पाठवता कायले?" मी वळून असं काही बघितलं की त्यांनी खुर्ची घेऊन हॉलच सोडला. पण त्याचा काय उपयोग? गोल झाला होता, आणि सगळ्या देशासाठी तो तिच्या नावावर होता.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. मी तिला 'कशी आहेस' असंही विचारलं नाही, इतकी तणतणत होते.

"काहून वं, तुले मांगं काहून उभं केलं?"

"त्याईची लेफ्ट बॅक जखमी झाली ताई. डाव्या पायाची दुसरी कोणी नव्हती. कॅम्पच्या सरनं विचारलं, पीछे खेलेगी क्या? मी जी सर म्हटलं."

"तुले येते का मांगं खेळता?"

"नाही."

"मंग तसं सांगता नाही आलं?"

ती म्हणाली, "आपल्या घरात कोणी कोणाले नाही म्हटलं का वं कधी?"

तिकडच्या सरांना मी दोष देत बसत नाही. त्यांच्याकडे मागची मुलगी नव्हती, समोर खेळणाऱ्या भरपूर होत्या, आणि डावा पाय एकच होता. त्यांनी विचारलं. एखाद्या दुसऱ्या घरातली मुलगी म्हणाली असती, सर, मला नाही जमणार. आमच्याकडे तो शब्द घडलाच नव्हता. आमच्याकडे 'हो' म्हणणं म्हणजे संस्कार. तिच्या होकाराला त्यांनी होकारच समजलं. त्यामागे भीती असेल, आदर असेल, स्टेशनवरचा बाप असेल, हे त्यांना कसं कळावं?

ती परत आली तेव्हा कॉलनीच्या गेटवर मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर फोटो जुना, समोर गोल मारतानाचा. खाली लिहिलं होतं, 'कोराडीची शान'. ढोल-ताशे झाले, शाल-श्रीफळ झालं. प्रमुख पाहुण्यांना कोणीतरी घाईत माहिती पुरवली होती. ते म्हणाले, "ही आपली लेक म्हणजे भारताच्या गोलसमोरची भिंत आहे, भिंत!" टाळ्या पडल्या. धाकटी मान खाली घालून हसली. मी तिच्या शेजारी बसले होते. ती शालीच्या आतून नखाने हातावरची साल काढत होती.

घरी मी आईजवळ आदळआपट केली. आईचं म्हणणं साधं होतं. "पदरी पडलं अन् पवित्र झालं. देशासाठी खेळली ना? मंग मांगं का अन् समोर का."

"आई, तुला सत्यनारायणाच्या दिवशी स्वयंपाकघरातून उठवलं आणि भटजींच्या पाटावर बसवलं तर?"

"तं बसीन. पोथी वाचता येते मले."

आईपुढे कोणाचं काय चालणार? मला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला.

खरी गोष्ट त्यानंतर बिघडली. भारताने तिला मागे खेळवलं ते एका अडचणीपुरतं होतं. आमच्या लोकांनी त्याची पूजा मांडली. सुट्टीनंतर ती कॉलनीच्या मैदानावर गेली आणि सवयीने समोर जाऊन उभी राहिली, तर सरांनी शिट्टी फुंकून तिला मागे बोलावलं. लेफ्ट बॅक. ज्या माणसाने तिला समोर घडवलं त्याच माणसाने.

मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, ती तर तुमची फॉरवर्ड आहे ना?"

"होती मॅडम," सर म्हणाले. "आता इंडियानं तिले लेफ्ट बॅक केली. इंडियानं दिलेली जागा बदलणारे आपण कोण? उद्या पुन्हा बोलावणं आलं अन् पोट्टीची सवय मोडली असली तं काय तोंड दाखवू मी?"

त्यांच्या मनात खोट नव्हती, तीच तर अडचण होती. खोट असती तर मी भांडून मोकळी झाले असते. त्यांना ती पुन्हा निळ्या जर्सीत बघायची होती. म्हणून ते तिला रोज मागे उभी करून तिच्या अंगावर मुली सोडायचे. ती वळली की शिट्टी. चेंडू जाऊ दिला की शिट्टी. "वळायचं नाही! मांगं कोण आहे ते पाह्य आधी!" असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. "पुन्हा कर" हे शब्द त्या मैदानावर दुसऱ्या मुलींसाठी होते. समोर आता एक नवी मुलगी खेळायला लागली होती. चांगली खेळायची, खोटं कशाला बोलू.

दुसरं बोलावणं आलंही. ती गेली, मागेच खेळली, अर्ध्यातून बाहेर काढली गेली. ज्या मुली लहानपणापासून मागे वाढलेल्या असतात त्यांच्यापुढे ही कुठे पुरणार? आणि समोर तिला कोणी विचारेना, कारण तिकडे आता सगळे तिला बॅक म्हणूनच ओळखत होते. ना धड इकडची, ना धड तिकडची. तिसरं बोलावणं आलं नाही. बाबा मात्र वर्षभर म्हणत राहिले, "येईल. गरज पडली की बोलावतील."

या सगळ्यात धाकटी बदलत गेली, आणि ते मला आधी मैदानावर नाही, घरात दिसलं. ही मुलगी चप्पल एका पायात आणि डबा एका हातात असं घराबाहेर धावणारी. ती आता दारातून परत फिरायची, गॅस बंद आहे ना बघायची, पुन्हा दारापर्यंत जायची आणि पुन्हा वळायची. रस्ता ओलांडताना पुढच्या गाडीपेक्षा मागे जास्त बघायची. जेवताना हसत बोलत असायची आणि मध्येच थांबायची, कोणीतरी काहीतरी उघडं ठेवलंय असा चेहरा करून. आई म्हणाली, "पोट्टी शहाणी झाली." मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण कोणावर ओरडणार?

पुढे ती नागपूरच्या पलीकडे हिंगण्याला एका कंपनीत लागली. पॅकिंगचं काम, कंत्राटावर. पहाटे निघायची, शिफ्ट सुटली की दोन गाड्या बदलून कोराडीला यायची आणि मैदानाकडे न बघता घरात शिरायची. बूट माळ्यावर गेले.

तेवढ्यात एका सरकारी खात्याच्या महिला संघाची निवड चाचणी नागपुरात होणार असं कळलं. निवड झाली तर कायमची नोकरी आणि पगार खेळण्याचा. त्यांना समोर खेळणारी हवी होती. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिला दार बंद. मी ती बातमी घेऊन घरी गेले तेव्हा ती कणीक मळत होती. ऐकून घेतलं आणि मळतच राहिली.

"जाशील का?"

"मी तं बॅक आहे ना ताई."

"तू बॅक नाहीस. तुला बॅक केलं."

तिने हात धुतले आणि माळ्यावरचे बूट काढायला स्टूल घेतलं. मी सरांकडे गेले. म्हटलं, या वेळी तुम्ही तिला अडवायचं नाही. सर मैदानाकडे बघत म्हणाले, "समोरच सांग म्हणा तिले. माझं नाव घेऊ नका." पुढचे काही दिवस ते तिला एकटीला बोलावून घेत, स्वतः चेंडू देत. मी कडेला उभी असायची. एका संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी सर ओरडले, "जाऊ दे, पुन्हा कर!" त्यांच्या बसलेल्या घशातून ते नीट बाहेरही आलं नाही.

चाचणीच्या दिवशी मी रजा काढली. मैदानाच्या कडेला मंडप घातला होता, त्यात निवड करणारे तिघे बसले होते. मुली नाव सांगून आपापली जागा सांगत होत्या. धाकटीची पाळी आली तेव्हा मधल्या गृहस्थांनी चष्मा वर केला.

"अरे, तुम तो इंडिया खेली हो ना? लेफ्ट बॅक?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम मान वळवली. हे तिचं तिलाच करायचं होतं.

"लेफ्ट बॅक की भी एक जगह खाली है," ते म्हणाले. आवाजात चांगुलपणा होता. "उसी में ट्रायल दे दो. आराम से हो जाएगा."

मला तिची पाठ तेवढी दिसत होती. सगळं घर त्या पाठीवर बसलं होतं. बाबा, आई, स्टेशन, राखेचा विभाग, सगळं. आणि मग माझ्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा कोणा मोठ्या माणसाला सांगितलं, "नहीं सर. फॉरवर्ड."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कुंपणाची तार मी इतकी घट्ट धरून उभी होते की हाताला तिचे ओरखडे पडले.

मुलींचे दोन संघ करून सामना लावला. सुरुवातीला तिचं बरं चाललं होतं. धावत होती, जागा शोधत होती. एकदा तिने एका मुलीला खांद्याने सारलं तेव्हा ती जुनीच वाटली. मग तो क्षण आला. मध्यावरून लांब चेंडू आला. धाकटी गोलकडे पाठ करून उभी, पाठीला एक आडदांड मुलगी. तिने चेंडू जाऊ दिला. गर्रकन वळली. आणि जमलं. ती मुलगी मागे राहिली, बाकीच्याही मागे राहिल्या, आणि माझ्या बहिणीपुढे फक्त गोलकीपर उरली. "मार!" मी कुंपणाबाहेरून ओरडले. "मार वं, मार!"

तिने चेंडू डाव्या पायावर घेतला, दोन पावलं टाकली, आणि मान वळवून मागे बघितलं.

मागे बघितलं आणि थबकली. मग चेंडू अंगाखाली घेतला, वळली आणि मैदानाच्या मध्यावर आपल्याच एका मुलीकडे परत मारला. आणि स्वतः पळत सुटली. मैदान ओलांडून थेट आपल्या गोलच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, हात पसरून, कोणीही येत नसताना.

मंडपातले तिघे एकमेकांशी बोलले. मधल्या गृहस्थांनी मान हलवली. सामना संपल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावून पाठ थोपटली आणि म्हणाले, "बेटा, तुम फॉरवर्ड नहीं हो." लेफ्ट बॅकच्या जागेवर तोवर दुसऱ्या मुलीचं नाव नक्की झालं होतं.

लोक मला सांगतात, तिने तेव्हा हो म्हटलं असतं तर आज नोकरीत असती. असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. जन्मभर हो म्हणून सगळं गेलं, आणि एकदा नाही म्हटलं तर उरलेलंही गेलं. यातून काय शिकायचं असतं ते ज्याला कळलं असेल त्याने मला येऊन सांगावं.

कोराडीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ती खिडकीशी. मी काही विचारणार नव्हते. शहर मागे पडलं, कोळशाच्या ट्रकांची रांग सुरू झाली, मग वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, तेव्हा ती आपणहून बोलली.

"ताई, मांगं कोणीच नव्हतं वं."

"कुठे?"

"आपल्या गोलजवळ. मी पाह्यलं तं सगळ्या समोर आल्या होत्या. मांगं मोकळंच होतं." मग माझ्याकडे वळून, अगदी समजावून सांगायच्या सुरात म्हणाली, "कोणी घुसलं असतं मंग?"

मी तिचा हात धरला. डावा होता. तो तिने पटकन सोडवून घेतला आणि उजवा दिला, लहानपणीच्या सवयीने.

घरी बाबा अंगणात खुर्ची टाकून वाट बघत बसले होते. निवृत्त झाल्यावरही त्यांची भुवया झटकायची सवय गेलेली नव्हती. उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"समोर खेळवलं ना वं तुले?"

"हाव बाबा."

"चांगली खेळली ना?"

"हाव."

बाबा लगबगीने आत गेले आणि आईला ओरडून सांगितलं, "पाह्य, समोर खेळवलं तिले!" मग स्वतःच गॅस पेटवून चहा ठेवला. धाकटीने दारात बूट काढले, आत गेली, चहा गाळून झाल्यावर गॅस बंद आहे ना ते बघितलं, आणि बाबा बाहेरच्या खोलीत कप नेऊन बसल्यावर पुन्हा एकदा येऊन बघितलं.